मंगलाबाईंचा सत्कार

मंगलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या मुलांच्या बाजूनं भांडत होत्या.

मी पवनीला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्या वर्षी बारावीतल्या चार मुलांनी आसपासच्या गावांतलं पिण्याचं पाणी तपासायचं ठरवलं होतं. गटाची प्रमुख खुशबू, इथल्याच एका विणकर घरातली, कमी बोलणारी पण हट्टी मुलगी. जवळच्या एका गावात, बौद्ध वस्तीत, लहान मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात असं तिच्या कानावर आलं होतं. आम्ही बाटल्या घेऊन गेलो आणि मुलांचे दात बघायचे म्हणालो, तर बायांनी बोअरपाशीच अडवलं. आम्ही फिल्टर विकणारे आहोत असं त्यांना वाटलं. वच्छलाबाई म्हणून एक होत्या, त्या तर म्हणाल्या, "लेकरायचे तोंडं उघडून पाहाले हा काय बैलबाजार होय का?"

तेवढ्यात समोरच्या घरातून मंगलाबाई आल्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता निवृत्त. वस्तीतली कितीतरी पोरं त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली.

"शिकून राहिले ना थे पोरं, चोरी तं नाई करून राहिले," त्या वच्छलाबाईंना म्हणाल्या, आणि खुशबूकडे वळल्या. "माह्या छपरीत बस वं बाई. सामान तिथंच ठेव."

त्या दिवसापासून त्यांच्या घरापुढची छपरी आमची प्रयोगशाळा झाली. हिवाळाभर मुलं तिथं यायची. मंगलाबाई त्यांना भात, वरण आणि वांग्याची भाजी जेवू घालत, आणि मग खुशबूला घेऊन घरोघर हिंडत. त्या सोबत असल्या की बाया दारं उघडत, लेकरांना पुढं करत. आम्ही एकटे गेलो असतो तर एकाही घरात पाय ठेवता आला नसता.

बोअर त्यांच्या घरासमोरच होता. त्यांचे पती यादोराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पूर्वी वस्तीला पाण्यासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे आणि तिथं चार शब्द ऐकून घ्यावे लागत. यादोरावांनी हा बोअर मारून सगळ्यांना मोकळा केला. तेव्हापासून वस्तीतली एकही बाई त्या टोकाला गेली नाही. "गोड पानी होय," मंगलाबाई आम्हाला तांब्या देताना म्हणत. यादोराव मात्र आता नव्हते. शेवटची काही वर्षं त्यांची पाठ वाकली होती, मान वळत नव्हती. मागून कुणी हाक मारली तर सगळं अंगच फिरवावं लागे. डॉक्टरांनी संधिवात सांगितला होता.

तपासणीचे आकडे आले. सगळ्या नमुन्यांत सर्वांत जास्त फ्लोराईड त्याच बोअरच्या पाण्यात होतं. आम्ही नागपूरच्या प्रयोगशाळेतून पुन्हा खात्री करून घेतली. तेच आलं.

सांगायला मी आणि खुशबू गेलो. मुलांचे दात त्या पाण्यानंच खराब झाले, हे खुशबूनं कसंबसं सांगितलं. मंगलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"यानं मानूस वाकते का, सर?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "फार वर्षं प्यायलं तर हाडं कडक होतात. पण यादोरावांचं त्यामुळंच झालं असं आता कुणालाच सांगता येणार नाही."

"त्यायले बोअरचंच लागे," त्या म्हणाल्या. "डेपोतही इथलीच बाटली नेत. मी म्हनो, उठा, जरासे हिंडा, आळस कायले करता." खुशबू रडायला लागली तेव्हा त्यांनीच तिला जवळ घेतलं.

ग्रामपंचायतीनं बोअरवर लाल रंग मारला आणि हँडल काढून नेलं. बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन पुन्हा गावाच्या त्या टोकाला जाऊ लागल्या. आता तिथं कुणी काही बोलत नसे, पण म्हाताऱ्या बाया मान खाली घालूनच पाणी भरत. वच्छलाबाईंनी मंगलाबाईंना भर रस्त्यात सुनावलं, "नवऱ्यानं इख पाजलं, अन् तू पोट्टे आनून पानीच बंद केलं."

उन्हाळ्याच्या तोंडावर मुलांच्या प्रकल्पाला राज्य पातळीवर बक्षीस मिळालं. कॉलेजनं मदत करणाऱ्यांच्या आभाराचा कार्यक्रम ठेवला. पहिला सत्कार मंगलाबाईंचा, असं खुशबूनं आधीच सांगून टाकलं होतं. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण आल्या, पांढरी साडी नेसून, एकट्याच.

सभागृहात मुलांचा मोठा फलक लावला होता. मधोमध लाल रंगातल्या बोअरचा फोटो. त्याच्या ओट्यावरची फरशीही त्यात स्पष्ट आली होती: 'यादोराव रामटेके यांजकडून वस्तीस सप्रेम.' आमच्यापैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मंगलाबाई फलकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खुशबूला हळूच म्हणाल्या, "बाई, हे नाव झाकता येते का?"

खुशबूचा चेहरा उतरला. तिनं कोरा कागद फाडून त्या नावावर चिकटवला.

तिनं भाषण लिहून आणलं होतं, पण ते वाचलंच नाही. "यांनी घर उघडलं म्हणून आम्हाला बक्षीस मिळालं," ती म्हणाली, "आणि आमच्यामुळं यांचं..." टाळ्या वाजल्या. प्राचार्यांनी मंगलाबाईंना शाल दिली आणि दोन शब्द बोला म्हणाले.

"पोरायनं खरं तेच सांगतलं," त्या माईकपासून लांबूनच बोलल्या. "यादोरावानंही बरं व्हावं म्हनूनच केलं होतं. येवढं ध्यानात ठेवा, बाप्पा." आणि खाली उतरल्या. चहाला थांबल्या नाहीत.

वस्तीत नळयोजनेचे पाइप गाडून झाले, पाणी अजून आलेलं नाही. वच्छलाबाई मंगलाबाईंशी पुन्हा बोलल्या नाहीत. धान कापणी उरकल्यावर मंगलाबाई घराला कुलूप लावून भंडाऱ्याजवळच्या शहापूरला मुलीकडे राहायला गेल्या.

परवा तिथल्या हायवेच्या थांब्यावर मला त्या भेटल्या. वाळल्या होत्या. खुशबू नागपूरला शिकते, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "सर, त्या लेकरायचे दात साफ होतीन का?"

"आलेले डाग जात नाहीत," मी म्हणालो. "आता जन्मतील त्यांचे चांगले राहतील."

त्यांनी मान हलवली. भंडाऱ्याची बस आली. आत गर्दी होती. त्या दाराशीच दांडी धरून उभ्या राहिल्या, आणि बस निघून गेली.