समोर बसणं

इटलीतल्या एका खेड्यातल्या खाणावळीत द्राक्षाच्या मांडवाखाली मी एकटाच जेवत होतो. वाढून झाल्यावर मालकीणबाई आत गेल्या नाहीत. समोर खुर्ची ओढून शेंगा सोलत बसल्या. ताटलीत टोमॅटोचा रस उरलेला पाहून काहीतरी म्हणाल्या. भाषा कळली नाही, पण दटावणं कळलं. मी पावाने ताटली पुसून घेतली.

घरी पोळीच्या शेवटच्या तुकड्याने मी ताट असंच पुसायचो, आणि तोवर आई समोरून हलायची नाही. ती गेल्यापासून ओट्याशी उभ्याउभ्याच उरकतो.

पोट केव्हाच भरलं होतं, तरी मी पावाचा आणखी एक तुकडा तोडला. बाई बसूनच होत्या. त्यांच्या टोपलीतल्या शेंगा मघाशीच संपल्या होत्या.