मागच्या बाकावरचे सर

आमच्या सरांनी आयुष्यात एकही गोष्ट पुढच्या रांगेत बसून पाहिली नाही. नाटक असो, कीर्तन असो, सत्कार असो नाहीतर शोकसभा, सर सभागृहात शिरले की भिंतीला लागून असलेली शेवटची खुर्ची गाठायचे. स्वतःच्या लग्नात तेवढं त्यांना नाइलाजानं पुढे उभं राहावं लागलं. पण तिथेही मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मान वळवून "मागं ऐकू येऊन राहिलं का?" असं विचारलं, आणि मागून कुणीतरी "नाही" म्हणाल्यावर भटजींना ते कडवं पुन्हा म्हणायला लावलं. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, हा किस्सा अजून सांगतात. अंतरपाटापलीकडे हार धरून हात भरून आले होते, हे सांगायला त्या विसरत नाहीत.

शहरातल्या सदर भागात आमचं बी.एड. कॉलेज आहे. सर तिथे गणित कसं शिकवावं हे शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी आणि नंतर त्यांचाच सहकारी झालो. बी.एड.ची मुलं आसपासच्या शाळांत जाऊन सराव पाठ घेतात आणि आम्ही प्राध्यापक वर्गात मागे बसून त्यांचं निरीक्षण करतो, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. आमच्यातले बरेच जण त्या वेळात मोबाइल बघतात, दोन शेरे लिहितात आणि चहाला उठतात. सर पाठ संपेपर्यंत काहीच लिहीत नसत. ते फक्त उजवा हात वर करायचे. शिकवणाऱ्याचा आवाज, फळ्यावरचं अक्षर किंवा सांगितलेल्याचा अर्थ, यातलं काहीही शेवटच्या बाकापर्यंत पोचलं नाही की हात वर जायचा आणि पोचेपर्यंत खाली यायचा नाही. माझ्या पहिल्या पाठाला तो जवळजवळ तासभर वरच होता. पाठ संपल्यावर मी ओशाळून म्हणालो, "सर, हात दुखला असेल." ते म्हणाले, "हात तं दुखला गा, पण तुहं बोलणं काही पोचलं नाही." मला तेव्हा रडू यायचं बाकी होतं.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा ठेल्यावर तर्रीपोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, खाता खाता सांगितलं. सर मूळचे खापा गावचे. तिथल्या शाळेत उंचीमुळे त्यांना कायम मागे बसवलेलं. "मास्तर काय सांगून राहिले, ते मले ऐकूच नाही ये. पुढच्या पोरायच्या माना हालल्या का मी बी हालवो. चौथीपर्यंत मी नुसता माना हालवून पास झालो." हे सांगताना त्यांचं लक्ष मात्र ठेल्याकडे होतं. गर्दीत सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या प्लेटमध्ये तर्री नीट पडते की नाही, हे पाहिल्याशिवाय ते तिथून हलत नसत. लग्नाच्या पंगतीतही ते टोकाला बसत आणि मठ्ठा तिथवर पोचतो का ते बघत. पोचला नाही तर वाढप्याला उद्देशून तोच उजवा हात वर. वाढप्याला वाटायचं, म्हाताऱ्याला जिलबी हवी आहे. असे ते न मागता पुष्कळ जिलब्या खात आले.

अशा माणसाच्या कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बाहेरगावचे तीन विद्वान येतात, कॉलेज आतून बाहेरून पाहतात आणि त्यांच्या अहवालावरून कॉलेजला श्रेणी मिळते. मागच्या खेपेला आमची श्रेणी इतकी खाली आली होती की प्रवेश निम्म्यावर आले. या वेळीही तसंच झालं असतं तर संस्थाचालक कॉलेज बंद करणार होते, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे आमच्या नोकऱ्या जाणार आणि शिकत असलेली मुलं वाऱ्यावर. प्राचार्य मॅडमची झोप उडाली होती. त्यांनी रंगरंगोटी केली, कुंड्या आणल्या, आणि झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाचा तारीखवेळेसकट फोटो शोधून लावला. फोटो नाही म्हणजे कार्यक्रम झालाच नाही, असा त्या दिवसांतला न्याय होता. अडचण एवढीच, की सर प्रत्येक कार्यक्रमाला हजर असूनही प्रत्येक फोटोत शेवटच्या रांगेत होते आणि त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं. फोटोखाली नावं टाकताना मी प्रत्येक वेळी त्या टकलावरून त्यांना ओळखलं.

समितीला एक पाठ दाखवायचा होता. मॅडमनी आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी निवडली. विषय ठरला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज आणि वर्ग ठरला शेजारच्या शाळेतला सातवीचा. मग तालीम सुरू झाली. तोच पाठ, तीच मुलं, रोज. सरांनी विरोध केला. "पोरं पाठ करून बसले, तं आता त्यायले शिकवाचं काय?" मॅडम काकुळतीला येऊन म्हणाल्या, "सर, तुमचं सगळं बरोबर आहे. पण उद्या एक दिवस हात वर करू नका. कॉलेजचा प्रश्न आहे." सर म्हणाले, "पोचलं तं काहून करीन?" या उत्तरानं मॅडमचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीतले विद्वान पुढच्या खुर्च्यांवर बसले, मॅडम त्यांच्या शेजारी, आणि सर अर्थातच मागच्या बाकावर. मी दाराजवळ उभा होतो. आमच्या विद्यार्थिनीनं फळ्यावर त्रिकोण काढला आणि विचारलं, "मुलांनो, ही कोणती आकृती आहे?" मुलांना पाहुण्यांसमोर काय करू आणि काय नको असं झालं होतं. "त्रिकोण! त्याले तीन कोन असते! त्यायची बेरीज एकशे ऐंशी अंश असते! आज आपण तेच शिकणार आहो!" एका दमात पाठ संपला. गृहपाठ कोणता मिळणार, तेही एकानं सांगून टाकलं.

आणि मागे हात वर गेला.

शिकवणारी मुलगी थांबली. वर्षभर तो हात दिसला की थांबायचं, एवढंच तिला माहीत. सर उठून म्हणाले, "पाठ थांबव वं. हे या पोरायले येते. जे येत नाही ते शिकव." मॅडमनी डोळे मिटून घेतले. मला सरांचा मनापासून राग आला. पुढच्या महिन्यात मुलाची फी कुठून भरायची, हाच विचार माझ्या डोक्यात आला, खोटं कशाला सांगू? समितीचे अध्यक्ष मान वळवून सरांकडे बघत राहिले.

मुलीनं फळा पुसला. मुलांकडे वळून तिनं विचारलं, "तुम्हाला यातलं काय कळलं नाही?" मग सरांच्या शेजारी बसलेली एक पोरगी उठली. "ताई, एकशे ऐंशीच काहून येते? त्रिकोण मोठा केला तं जास्त नाही का येणार?" आमच्या विद्यार्थिनीनं जवळचा कागद उचलला. तो समितीसाठी छापलेला दिवसभराच्या कार्यक्रमाचा गुळगुळीत कागद निघाला. त्याचे तिनं एक मोठा आणि एक लहान असे त्रिकोण कापले, कोपरे फाडले आणि शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यांदा चुकीच्या कडा जुळवल्या आणि ते नीट बसेनात. तिनं ते फिरवून पुन्हा लावले. मग दोन्ही वेळा तीच सरळ रेषा आली, म्हणजे एकशे ऐंशी अंश. मागच्या पोरीला दिसेना म्हणून ती कागद घेऊन तिच्या बाकापर्यंत गेली. पोरगी बोटानं रेषा चाचपून म्हणाली, "हो ना वं माय!" सरांचा हात खाली आला होता.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. निकाल आला तेव्हा श्रेणी मागच्यापेक्षा वर होती आणि मॅडमना हवी होती तिच्या खाली. कॉलेज वाचलं. सर नसते तर आणखी वरची श्रेणी मिळाली असती, असं मॅडम म्हणत. तालीम नसती तर मिळाली असती, असं सर म्हणत. दोघंही निवृत्त होईपर्यंत हा वाद मिटला नाही.

सर आता थकलेत. कान गेलेत आणि यंत्र लावायचा त्यांना कंटाळा. परवा मी एका नव्या मुलाचा पाठ बघायला निघालो तर म्हणाले, "मी बी येतो." वर्गात मी त्यांच्यासाठी मागचा बाक मोकळा करून दिला. ते तिथे क्षणभर उभे राहिले, मग काठी टेकत सावकाश पुढे गेले आणि पहिल्या बाकावर बसले. "तिथवर आता मले येत नाही ऐकू," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मागच्या बाकावर मग मी बसलो.

पाठ सुरू झाला. मुलगा चांगला होता, पण आवाज बारीक. थोड्या वेळानं सरांनी मान वळवली आणि नुसत्या भुवया उंचावून मला विचारलं, पोचलं का? त्यांना बरं वाटावं म्हणून मान हलवणं सोपं होतं. शेजारची पोरं हलवतच होती.

मी उजवा हात वर केला.

सर हसले. मुलगा गोंधळला, थांबला आणि तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणाला. या वेळी ते मला ऐकू आलं, आणि सरांनाही.