टकटक आक्काचं कार्ड

सुमन, जवळ ये बघू. कागद असला म्हणून काय झालं, मी बोलतेय असंच समज. तुझ्या आईचं दिवसकार्य होऊन तीन महिने झाले. तू चिकोडीला गेलीस ती गेलीसच. फोन नाही की निरोप नाही. मावशी म्हणतेस ना मला? मग असं वागतात होय गं? असो. घरातली आई तू पाहिलीस, कामावरची मी पाहिली. तीच आज सांगायची आहे.

उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. टकटक आक्का. माल रवाना करायच्या शेडमध्ये आम्ही दोघी एका टेबलावर. ओझं उचलायच्या कप्प्यांची ओतीव चाकं पेटीत घालायची, पेटीवर बारकोडचं लेबल चिकटवायचं, ते वाचायची गन रोखायची, बीप झालं की पेटी पुढं ढकलायची. एवढंच काम. पण तुझी आई पेटी बंद करायच्या आधी प्रत्येक चाक उचलून पान्यानं टकटक वाजवायची. खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर आत चीर. बाजारात मडकं घेताना आपण बघतो ना, तसंच. तिला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. माल आधीच तपासून आलेला असे. मी म्हणायची, "तपासलंय की गं आक्का." तर म्हणायची, "त्येंनी डोळ्यानं तपासलंय. चीर दिसत न्हाय, वाजती."

शिकलेली चौथी, पण सुरकुतलेलं लेबल लांबूनच ओळखायची. लेबलाच्या दोन्ही अंगांना कोरी जागा सोडावी लागते, नाहीतर गन वाचत नाही. नव्या पोरी घाईत त्यावर चिकटपट्टी चढवायच्या. मग ही ओरडायची, "रेघांना दम घ्यायला जागा ठेवा की गं बायांनो!" आणि बीप झाल्यावर कुणी हुश्श केलं की तिचं ठरलेलं, "बीप म्हंजे कागद वाचला. आतलं लोखंड कुणी वाचलं?"

आमच्या गळ्यात कार्डं असत. आधी आपल्या कार्डावर गन धरायची, मग पुढची प्रत्येक पेटी आपल्या नावावर पडे. नवे साहेब आले आणि त्यांनी भिंतीवर यादी लावली, कुणाच्या किती पेट्या. आक्का सगळ्यात खाली. खालच्या दोघींना महिनाअखेर घरी पाठवणार, असं साहेबांनी सांगून टाकलं. आक्का म्हणाली, "बसू दे खाली. वर बसून काय अंडी घालायची हैत?" हसलो आम्ही. पण तुझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, आणि ती डबा अर्धाच खायला लागली होती, ते मला दिसत होतं.

एका दुपारी ती कार्ड टेबलावर ठेवून जेवायला गेली. मी गेले नाही. तिच्या कार्डावर गन धरली आणि सुट्टीभर भराभर पेट्या तिच्या नावावर पुढं ढकलल्या. दुसऱ्या दिवशी यादीत तिचं नाव मधोमध. मी कौतुकानं सांगितलं, "आक्का, वर आलीस बघ. मी आणली तुला." ती हसली नाही. एवढंच विचारलं, "वाजवलीस न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय."

एकही वाजवलं नव्हतं, सुमन.

दोन महिन्यांनी बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचा कागद आला. चाक फुटलं, ओझं खाली आलं, एका कामगाराची तीन बोटं गेली. कागदावर पेटीचा नंबर होता. त्यावरून साहेबांनी गनच्या मशीनमधून दिवस, वेळ आणि कार्ड कुणाचं ते काढलं. ज्याची बोटं गेली त्याचं नाव मात्र कुठंच नव्हतं. मला ते आजतागायत ठाऊक नाही.

साहेबांनी दोघींना आत बोलावलं. "दिवसभर वाजवत बसतेस ना? मग हे कसं सुटलं?" आक्कानं जेवणाच्या सुट्टीतली ती वेळ ऐकली आणि एकदा, एकदाच, माझ्याकडं पाहिलं. माझा नवरा नुकताच लकव्यानं अंथरुणाला खिळला होता. ती म्हणाली, "कार्ड माझं हाय सायेब. टेबलावर मीच टाकून गेलते." दुसरं वाक्य साहेबांनी ऐकून घेतलं नाही. मी शेजारी उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

त्याच दिवशी तिला काढलं. गेटापाशी मी तिचा हात धरला. "आक्का, मी आत जाऊन सांगते."

"आता सांगून त्येची बोटं येत्यात व्हय? तुझा नवरा हातरुणात हाय. जा कामाला." चार पावलं गेली आणि वळून म्हणाली, "ढकलल्यास ते ढकलल्यास. पर व्हय का म्हणालीस गं?"

पुढं खानापूरला तुमच्या घरी मी दोनदा आले. तिनं चहा केला, तुझं कौतुक सांगितलं, कारखान्याचं नाव काढलं नाही. तिसऱ्यांदा यायचा मला धीर झाला नाही. मग एकदम ती गेल्याचाच निरोप. तेराव्याच्या पंगतीत तू कुणाला तरी सांगत होतीस, "आईच्या हातनं चूक झाली, कुणाची तरी बोटं गेली, तोच घोर घेऊन गेली ती." माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला आणि गप्प बसले. पुन्हा एकदा.

तुझी आई चुकली नव्हती, सुमन. मी चुकले. कारखाना अजून आहे, साहेबही तेच आहेत. तुझ्यादेखत मला त्यांना हे सांगायचं आहे. नुसतं लिहून भागायचं नाही. हिंडलग्याची बस माझ्या घरापाशीच थांबते. येत्या रविवारी मुक्कामाला ये, सोमवारी दोघी मिळून जाऊ. राग आला तर माझ्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस. पण ये.