पावणं, जरा बाहेर

अंगावरची हळद फिकी होण्याआधीच पेठजवळच्या एका गावची नवी सून नारायणगावच्या रुग्णालयात दगावली. गेल्या मार्गशीर्षातली दुपार होती.

तिथल्या अपघात विभागात एक सिस्टर होत्या. महामार्गावरच्या अपघातांच्या बातम्यांसाठी माझं तिथे जाणं असे. पेशंट आला की नाडी धरण्याआधी त्या त्याच्या तोंडाजवळ वाकत. श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास आला, की नातेवाइकांकडे वळून म्हणत, "पावणं, जरा बाहेर." मग पेशंटला एकट्याला विचारत, सुई कधी बंद केली. मधुमेहाच्या पेशंटचं इन्सुलिन तुटलं की रक्तात आम्ल वाढतं, माणूस धापा टाकत येतो. कुणी उपास धरलेला असे, कुणी काढा सुरू केलेला. घरच्यांसमोर खरं निघत नाही, हा त्यांचा अनुभव. मला म्हणायच्या, "तुमीबी बाहेरच थांबा, भाऊ. पेपरवाल्यासमोर तर कोणच बोलत न्हाई."

त्या मुलीला सासरच्यांनी जीपमधून आणलं. जेजुरीहून परतताना उलट्या सुरू झाल्या होत्या. सासूला वाटलं, लग्नाची दगदग. सिस्टर वाकल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. थोड्या वेळाने त्यांनी बाहेर येऊन सासरच्यांना मुलीचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "सासरी म्हाईत न्हाई. सुयांची डबी आईकडं ऱ्हायली."

दोन्ही हातांना सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. सिस्टर बोट टोचून साखर बघत, लघवी मोजत, पडद्यावरच्या ठोक्यांवर नजर ठेवून उभ्या राहिल्या. पुण्याला न्यायची रुग्णवाहिका दारात आली तोवर ठोके थांबले होते.

मुलीची आई पोहोचली. सासू तिला म्हणाली, "सांगितलं असतं, तर आमी काय हाकलून दिली असती?" सिस्टर हात धुवायला गेल्या.

सिस्टरांच्या स्वतःच्या मुलीलाही लहानपणापासून इन्सुलिन लागतं, हे मला नंतर कळलं. उन्हाळ्यात तिला बघायला येडगावकडचे पाहुणे आले. ओळखीतला म्हणून मलाही बोलावलं होतं. पोह्यांच्या ताटल्यांशेजारी सिस्टरांनी सुयांची डबी आणून ठेवली. "पोरीला रोज लागतं. आधी हे बघा, मग पोरीला काय ते विचारा." एकाने डबी उघडली, आत पाहिलं, पुन्हा बंद केली. चहा झाला. कळवतो म्हणाले.

पावसाळ्यात सिस्टरांनी नोकरी सोडली. मायलेकी आता नाशिकला असतात. पाहुण्यांचा निरोप आलेला नाही.