अर्धं दार

मी परदेशात शिकतो त्या हिल्सबरोतले आमचे शेजारी आजोबा मूळचे आयर्लंडच्या खेड्यातले. स्वयंपाकघराचं दार त्यांनी स्वतःच मधोमध आडवं कापलंय. खालचा भाग बंद ठेवून, त्यावर कोपरं टेकून ते गप्पा मारतात. "गावी हे कोंबड्यांना बाहेर अडवायला असायचं. इथे तुम्हा विद्यार्थ्यांना!"

काल म्हणाले, "आमच्या घरात एका टोकाला गाय, दुसऱ्या टोकाला आम्ही. मध्ये भिंतसुद्धा नाही!"

माझ्या पुण्याच्या रूममेटने नाक मुरडलं. माझ्या घराबद्दल मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. तरी कसं कोण जाणे, बोलून गेलो, "आमची म्हैस अजून घरातच झोपते. घोरतेसुद्धा."

"गाईपेक्षा मोठी?"

"बरीच."

हरल्यासारखा चेहरा करून त्यांनी खालची कडी काढली. "तू ये आत. हा कोंबडा राहू दे बाहेरच."