चुलीमागचा खड्डा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे नदीकाठ वाचवायचं कामही आपलंच, असं मला मनापासून वाटलं. गावाखालच्या वैनगंगेच्या वाळूवर रविवारी चंद्रपूरकडून सहलीचे लोक येतात आणि आई तिथं मासे तळून विकते. काठ दरवर्षी ढासळतो. यंदा तिची चूल कडेपासून चार पावलांवर आली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी वर्गातल्या पाच जणी जमवल्या. युरियाच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून आम्ही कडेला बांध रचला. तो इतका देखणा झाला की आम्ही त्याच्यासमोर फोटोही काढले.

तेवढ्यात बाबा खांद्यावर जाळं टाकून आले.

"वाळू कुठून आणली वं?"

"इथूनच, बाबा. चुलीमागून."

चुलीमागे कमरेइतका खड्डा झाला होता आणि त्यात नदीचं पाणी झिरपत होतं. आई वाकून बघत म्हणाली, "नदी समोरून येऊन राह्यली होती. पोरीनं तिले मागूनबी बोलावलं!"

मैत्रिणी खो खो हसल्या. मला रडू येत होतं, पण हसूही आवरेना.

पोती रिकामी करून आम्ही खड्डा बुजवला. बाबांनी कडेला बांबू ठोकले आणि त्यांत फांद्या विणल्या. आईनं तरीही चूल दहा पावलं मागं नेली.

"बाबांच्या बांबूवर भरोसा नाई का?" मी विचारलं.

"बांबूवर हाये. पण तुही सुट्टी अजून संपली नाई ना!"