दाराबाहेरच्या चपला

माझे वडील गुरुवारी सकाळी गेले. आईने गॅसवरचा चहा उतरवला आणि गॅस बंद केला. दुपारपर्यंत शेजारचं कोणी आमच्याकडे आलं नाही.

आम्ही शांती नगरात चौथ्या माळ्यावर राहतो. निवृत्त झाल्यावर वडील मुंबईहून इथे आले, ते पुस्तकांचं कपाट आणि आम्हा दोघींना घेऊन. सेक्टरच्या कडेला वाचनालयासाठी राखलेला एक भूखंड होता. त्यावर एका इमारतीचा पाया खणायला लागले तेव्हा वडिलांनी अर्ज केला. मग दुसरा केला, तिसरा केला. पाया खणणारी माणसं ज्यांची होती, त्यांना अर्धं शहर साहेब म्हणायचं. त्यांच्यामुळे नळाला पाणी आलं असं सांगणारे मला भेटले आहेत, आणि त्यांच्यामुळे राहतं घर गेलं असं सांगणारेही. दोघंही खरंच बोलत होते.

साहेबांची माणसं आमच्या गेटपाशी उभी राहू लागली. कोणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. आमच्याकडे कोण येतं-जातं, एवढंच बघायची. वॉचमनने वडिलांकडे बघणं सोडलं. दर रविवारी ढोकळ्याची ताटली आणणाऱ्या समोरच्या गुजराती काकी आमची चाहूल लागली की दार लावून घ्यायच्या. आज मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा देत होते.

मामा आणि वडिलांच्या ऑफिसातले दोघे-तिघे शववाहिनीबरोबर गेले. घरात आम्ही दोघीच उरलो. माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणतात. आईने आजवर किती घरी असा डबा नेला असेल! त्या दुपारी ती रडत नव्हती. जिन्यात कोणाचं पाऊल वाजतंय का ते ऐकत होती, आणि आपण ते ऐकतोय याची तिला लाज वाटत होती.

तीनच्या सुमाराला पाऊल वाजलं, धापा टाकत आलेलं. दारात साठीच्या आतबाहेरची एक बाई उभी होती, हातात स्टीलचा डबा. मी तो चेहरा लगेच ओळखला. शहरभर लागलेल्या प्रत्येक फलकावर साहेबांच्या मागे हात जोडून उभा असलेला तो चेहरा होता, आणि मला त्याचा मनापासून राग होता. साहेबांच्या या बायकोला सगळे वहिनी म्हणत.

"लिफ्ट बंद हाय तुमची," त्या म्हणाल्या. "तक्रार करा की कुठं. आमच्या घरी रोज येतात लोकं असल्या तक्रारी घेऊन."

आई उठलीसुद्धा नाही. "तुम्ही कशाला आलात? तुमच्याच माणसांनी आमच्याकडे यायची लोकांची वाट बंद केलीय."

"माझ्याच हातचं जेवतात ती," वहिनी म्हणाल्या. "रोज वीस-पंचवीस पानं उठतात. आज दोन पानं इथं आली. ताट काढ गं पोरी."

मी ताटं काढली. आईने एक घास घेतला आणि सकाळपासून पहिल्यांदा स्वतःहून बोलली, "फार तिखट आहे."

"मुद्दाम घालते. डोळ्यांतनं पाणी आलं तरी कोणाला सांगावं लागत न्हाय."

मग आई रडली.

जेवणं झाली तरी वहिनी उठल्या नाहीत. मी दार लोटायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे उघडं." त्यांची नजर कपाटाकडे गेली.

"एवढी समदी वाचलेली त्यांनी?"

"हो."

"मग वाचनालय कशाला पायजे होतं त्यांना?"

"दुसऱ्यांसाठी," मी म्हणाले.

वहिनी भिंतीला टेकून नुसत्या बसून राहिल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

लिफ्ट बंद असल्यामुळे वरच्या तीन माळ्यांवरची सगळी माणसं त्या संध्याकाळी आमच्या दारावरून चढली. प्रत्येकाला उंबऱ्याबाहेर एक चपलांचा जोड आणि आत बसलेल्या वहिनी दिसल्या. पहिल्या आल्या त्या समोरच्या काकी. "बेन, सुबह से आना था, लेकिन..." एवढंच बोलून त्या अडखळल्या.

"आता आलात ना? बसा," वहिनी म्हणाल्या. "तो पाण्याचा तांब्या द्या इकडं."

दोन तासांनी त्या उठल्या तेव्हा दाराबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्या चपला त्यांना शोधाव्या लागल्या.

त्या का बसून राहिल्या होत्या, हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. नवऱ्याविरुद्ध त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. आमची माफी मागितली नव्हती. फक्त चपला काढून ठेवल्या होत्या, सगळ्यांना दिसतील अशा. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत, पण इतकं थोडं करून इतकं मोठं काम झालेलं मी कुठे वाचलेलं नाही.

यंदा वहिनी गेल्या. तोवर साहेबांची सत्ता गेली होती, खटले चालू होते, आणि गेटवरची ती माणसं आता दुसऱ्या कोणाच्या गेटवर उभी असत. बातमी आली तेव्हा मी आईकडे पाहिलं. त्या घराचा उंबरा चढायचा नाही, असं तिने वडिलांच्या फोटोसमोर म्हटलेलं मला माहीत होतं. आई मिरच्या वाटायला बसली.

मला वाटलं होतं, तिथे शुकशुकाट असेल. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबवावी लागली. फाटकापासून पायरीपर्यंत चपलाच चपला, बहुतेक बायकांच्या. खारी गावातल्या, मोरवा गावातल्या, आमच्या बाजूच्या. स्वयंपाकघरात डबे ठेवायला ओटा पुरत नव्हता. "माझा मुलगा गेला तेव्हा आल्या होत्या," एक कोळीण म्हणाली. तिच्या मागचीने नुसती मान हलवली.

साहेब कोपऱ्यात खुर्चीवर होते. कोणीतरी आमच्या डब्यातलं त्यांना वाढलं. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे पुसले आणि म्हणाले, "समद्यांनीच तिखट घातलंय आज." मग आईला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

आईने वडिलांचं नाव सांगितलं.

"अर्जवाले," ते म्हणाले. "ती आलेली तुमच्याकडं. माणसांनी सांगितलं मला. घरी आल्यावर इचारलं, कशाला गेलीस तिथं? म्हणाली, लिफ्ट बंद हाय त्यांची. न् पाठ फिरवून झोपली."

आईला हसू आलं. तिने ते पदरात लपवलं. साहेबांना तिने माफ केलं नाही, मीही नाही, आणि त्यांनी माफी मागितलीही नाही. आम्ही दोन तास बसलो.

वाचनालयाच्या जागेवर इमारत उभी आहे. वडिलांच्या अर्जाचं उत्तर आलेलं नाही. आमच्या जिन्यातल्या कोणाच्या घरी माणूस गेलं की आई मिरच्या वाटते, आणि मी डबा घेऊन जाते, चपला दाराबाहेर काढते आणि बसते.